मी म्हणते, तुम्ही हाव म्हणा

१८ जानेवारी २०२४, गुरुवार. लातूर. पहाटे धुकं होतं, दहाच्या सुमाराला ते विरलं आणि मग दिवसभर कोरडं, फिकं ऊन राहिलं; वाऱ्याला गारठा होता.

त्या संध्याकाळी शेजारच्या उज्वलाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. उमादेवी दवाखान्यातून आली ती थकूनच आली होती, पण शेजारधर्म म्हणून तिने तोंडावर पाणी मारलं, नवी टिकली लावली, इरकल नेसली आणि गेली. बायका सतरंजीवर ओळीने बसल्या होत्या. अक्षराला बाळंतपणाला कधी आणायलाव, असं दोघीतिघींनी विचारलं, तेव्हा थकवा विसरून ती भरभरून बोलली. एकुलती एक लेक नांदेडला दिलेली, पहिलटकरीण, पाचवा सरलेला. मागची खोली उमादेवीने दिवाळीतच पांढरीफेक करून घेतली होती, जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवून ठेवली होती, आणि पाळण्याच्या दोरीसाठी छताच्या कडीला तेल घालून ती दोनदा ओढून पाहिली होती. तिचं सगळं वर्ष त्या कडीला टांगलेलं होतं म्हणा ना.

उज्वला ओळीने पुढे सरकत होती. प्रत्येकीसमोर वाकायची, बोटाने हळद, मग कुंकू, हातावर तिळगूळ, आणि वाण म्हणून स्टीलची वाटी. उमादेवीपुढे आली तेव्हा हसली, गुडघा कसा आहे विचारलं, वाटी आणि तिळगुळाची पुडी तिच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवली आणि पुढच्या बाईकडे वळली.

"मला लावायचं राहिलं की ग," उमादेवी म्हणाली.

"लावलं की वैनी." उज्वलाने मान वळवून पाहिलंसुद्धा. "ध्यान दवाखान्यात ठिवून आलाव वाटतं."

बायका हसल्या, उमादेवीही हसली. घरी येऊन तिने दिव्याखाली आरसा धरला. कपाळावर टिकली होती. हळदीचा कण नव्हता. पदराला पुसलं गेलं असेल म्हणून तिने पदर उलटासुलटा करून पाहिला, तोही स्वच्छ होता. कामाच्या गडबडीत होतं असं माणसाचं, असं मनाशी म्हणून तिने आरसा खिळ्याला अडकवला आणि भाकरीच्या पिठाला हात घातला.

सोमेश डॉक्टरांच्या कातडीच्या दवाखान्यात ती सात वर्षं मलमं आणि गोळ्या देण्याच्या खिडकीवर होती. मागच्या जूनमध्ये डॉक्टरांनी एक अभ्यास सुरू केला. अंगावरचा डाग आपण पट्टी लावून मोजतो, त्या डागापायी माणूस किती वाकला हे मात्र कुणी मोजत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी दहा प्रश्नांचा कागद छापून आला. गेल्या आठवड्यात कातडीमुळे लाज वाटली का, कुणी जवळ बसायचं टाळलं का, घरात ताटवाटी वेगळी झाली का, असे प्रश्न. मुळीच नाही, थोडं, बरंच आणि फार, ही चार उत्तरं. फारला तीन गुण. तीसपैकी जितके जास्त, तितकं ओझं जास्त. ज्यांना वाचता येत नाही त्यांना उमादेवीने वाचून दाखवायचं, असं ठरलं. ती बोलायला मऊ होती, आणि बाया तिच्याशी बोलायच्या.

पण कागद पुढे आला की बायांची दातखीळ बसायची. सोबत सासू नाहीतर नवरा असायचा. "तुम्हाला लाज वाटली का" असं विचारलं की बाई एकदा त्यांच्याकडे पाहायची आणि म्हणायची, लाज कशाची? पहिला महिना असाच फुकट गेला. मग उदगीरच्या पलीकडून, कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावातून मल्लम्मा आली. तिच्या दोन्ही तळव्यांना सोरायसिस होता. चांदीच्या वर्खासारखे पापुद्रे सुटायचे आणि ती ते मुठीत लपवायची. दोन प्रश्नांना तिने नुसती मान खाली घातली. तेव्हा उमादेवीने पेन बाजूला ठेवलं.

"असं करू मल्लम्मा," ती म्हणाली. "तुम्ही काही सांगू नका. मी म्हणते, तुम्ही हाव म्हणा. समजा, माझंच हाय."

आणि तिने ते स्वतःचंच गाऱ्हाणं असल्यासारखं सांगायला सुरुवात केली. माझ्याजवळ कुणी बसेना झालंय. माझं ताट येगळं ठिवलंय. माझ्या हातची भाकर घरात कुणी खाईना. मल्लम्माने वर पाहिलं. ओळखीचं कुणीतरी लांबच्या गावात अचानक भेटावं तसं तिचं तोंड झालं, आणि प्रत्येक वाक्याला ती हळूच हाव म्हणत गेली. हावच्या सुरावरून उमादेवीने थोडं, बरंच, फार ठरवलं; बेरीज सव्वीस आली.

महिन्याने मल्लम्मा परत आली. तळवे होते तसेच होते. औषधाला अजून गुण यायचा होता. पण बेरीज चार आली. सासूने परवा तव्यावरची भाकर माझ्या हातातून घेतली, असं ती सांगत होती. कुणी काही बोललं नाही, कुणी समजूत घातली नाही. एके दिवशी घेतली, एवढंच.

"अक्का, तुम्ही म्हणलाव," ती म्हणाली, "अन् माझ्या अंगावरनं उतरलं बघा."

मग उमादेवी सगळ्यांनाच तसं विचारू लागली. कोड असलेल्या पोरी यायच्या, नायट्याने गांजलेले हमाल यायचे, गालावर वांगाचे चट्टे असलेली एक अंगणवाडीची बाई चाकूरहून यायची. उमादेवी त्यांच्या वतीने बोलायची, ते हाव म्हणायचे, आणि पुढच्या खेपेला त्यांचे गुण उतरलेले असायचे. डॉक्टर खूश होते. मन मोकळं झालं की निम्मा आजार जातो, असं ते प्रत्येकाला सांगायचे. संध्याकाळी खिडकी बंद करताना उमादेवीला मात्र एक थकवा यायचा. तो पायांत नसायचा, पाठीत नसायचा, आणि झोपूनही जायचा नाही. वयाची अठ्ठेचाळिशी म्हणून तिने तो सोडून दिला.

फक्त एका माणसाचं तसं झालं नाही. नोव्हेंबरात किल्लारीकडचे दगडोबा आले होते. सगळा चेहरा कोडाने पांढरा झालेला, भुवयासुद्धा. सोबत लग्नाची नात होती, फाईल छातीशी धरून. उमादेवी म्हणत गेली आणि म्हातारा प्रत्येक वाक्याला "न्हाई" म्हणत गेला. दहाच्या दहा प्रश्नांना. नात बाहेर गोळ्या आणायला गेल्यावर तो थोडा पुढे वाकला.

"तुम्ही कशाला आपल्या तोंडानं म्हणायलाव, माय?" त्याने विचारलं. "आमचं आमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

दुपारी ती डबा खायला बाहेर पडली तेव्हा नात हॉटेलात बाकावर बसून पुरी खात होती आणि म्हातारा रस्त्याच्या पुलाच्या कठड्यावर, घरून आणलेल्या जर्मनच्या ताटलीत जेवत होता. पुढच्या खेपेलाही त्याचे गुण शून्यच आले. डॉक्टर म्हणाले, खमक्या माणूस आहे.

हळदीकुंकवानंतर आठवड्याभरात उमादेवीच्या ध्यानात येऊ लागलं की ते एकट्या उज्वलाचं नव्हतं. शरणप्पा, तिचा नवरा, मोंढ्यात एका अडतीवर मुनीम होता. लग्नानंतर वर्षभरात त्याने सकाळचा चहा करणं आपल्याकडे घेतलं होतं, आणि कप तिच्या हातात देऊन बशी मागाहून देण्याची त्याची सवय होती. आता कप खिडकीच्या फळीवर असायचा. एका सकाळी तिने मुद्दाम हात पुढे केला. त्याने त्या हाताकडे पाहिलं, कप फळीवर ठेवला, आणि तूर ओली यायलीय म्हणून सांगत राहिला. त्याच्या डोळ्यांत किळस नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं. माणूस रोजच्या वाटेवरचा खड्डा न पाहता चुकवतो, तसं ते होतं.

तिने न्हाणीत दार लावून अंग पाहिलं. कोपर, गुडघे, कानामागे, बोटांच्या बेचक्या. पाठीसाठी आरसा घेतला. सात वर्षं दुसऱ्यांची कातडी पाहून तिची नजर तयार झाली होती, आणि त्या नजरेला काही सापडलं नाही. मग तिने डॉक्टरांना दाखवलं. सोमेश डॉक्टरांची एक रीत होती. रोगी कसलाही असो, ते त्याच्या नातेवाइकांसमोर उघड्या हाताने त्याच्या डागावर बोट फिरवायचे, म्हणजे घरच्यांची भीती जाते. उमादेवीला त्यांनी भिंग लावून नीट तपासलं. काही नाही ताई, तुमच्यासारखी स्वच्छ कातडीची माणसं माझ्याकडे वर्षात चार येतात, असं हसून म्हणाले. ते हात धुवायला गेले तेव्हा तिला दिसलं की त्यांनी हातमोजे घातले होते. त्यांनी ते काढून टोपलीत टाकले, आणि काढताना त्यांनाही जरासं नवल वाटल्यासारखं दिसलं. पण तेवढ्यात पुढचा रोगी आत आला.

फेब्रुवारीत तिने बोलायची रीत सोडली. कागदावर छापलंय तसं, तुम्हाला असं झालं का, असं विचारू लागली. बाया पुन्हा गप्प झाल्या. लोक तिला टाळत होते त्यात मात्र काही फरक पडला नाही. त्याच सुमाराला एकदा मल्लम्मा आली. हातभर हिरव्या बांगड्या, अंगाने भरलेली. येऊन ती बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली आणि तिथूनच, मोठ्या मायेने, कसं हलकं वाटायलंय अक्का, म्हणून सांगत राहिली. बोलता बोलता ती आणखी थोडी सरकली. बाक संपलं तेव्हा उभी राहून बोलली.

फेब्रुवारी सरताना नांदेडला अक्षराच्या ओटीभरणाचा दिवस ठरला. उमादेवी खण, नारळ आणि पाच फळं पिशवीत घेऊन एसटीत बसली. कंडक्टरने तिकीट तिच्या शेजारच्या मोकळ्या सीटवर ठेवलं. चाकूरला गर्दी झाली, अहमदपूरला आणखी झाली, माणसं एकमेकांच्या पायांवर उभी राहिली, आणि तिच्या शेजारची जागा मोकळीच राहिली. गाठोडं घेतलेली एक म्हातारी तिच्या अगदी जवळ दांड्याला लोंबकळत होती.

"बसा की मावशी," उमादेवी म्हणाली.

"बसले की माय," म्हातारी म्हणाली, आणि लोह्यापर्यंत तशीच उभी राहिली.

उमादेवीने मोकळ्या सीटवर हात ठेवला. रेक्झिन थंड होतं. आपण असं काय केलं, हे ती स्वतःला विचारत नव्हती. ते तिला हळूहळू कळत आलं होतं, आणि कळून उपयोग नव्हता. एखादा डाग सापडला असता तर बरं झालं असतं, एवढंच तिला वाटत होतं. तो दाखवता आला असता. त्याला मलम तरी होतं.

ओटी भरून झाल्यावर अक्षरा पाया पडायला वाकली. तिची बोटं पावलांपासून वीतभर वर थांबली आणि परत गेली. तिच्या सासूबाई, चतुराबाई, मोकळ्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी विहीणबाईंना आग्रह करकरून वाढलं, पण लांबून, पळी उंच धरून. जेवणं झाल्यावर अक्षराने जरा चाचरत सांगितलं की बाळंतपण इथेच करावं असं सगळ्यांना वाटतंय. इथली डॉक्टरीण जवळ, एप्रिलचं ऊन, रस्त्याचं काम चालू. तुला राग आला का ग आई?

"न्हाई," उमादेवी म्हणाली. मागची पांढरीफेक खोली तिच्या डोळ्यांसमोरून गेली. "बाळाला जपा म्हंजे झालं."

बाळ एप्रिलच्या तीस तारखेला झालं. मुलगी. शरणप्पा पेढे घेऊन लगेच जाऊन आला. उमादेवी बारा मेला, बारशाला गेली.

त्या दिवशी नांदेडला सकाळपासून झळा होत्या. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे सकाळीच स्वामी येऊन बाळाला लिंगधारणा करून गेले होते. दुपारी पाळणा बांधला, आणि बायका दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. बाळ पाळण्याच्या वरून पलीकडे द्यायचं, खालून अलीकडे घ्यायचं, असं आळीपाळीने प्रत्येकीच्या हातातून जाऊ द्यायचं असतं. आजीचा मान म्हणून उमादेवीला पुढे उभं केलं. तिने पदर खोचला, हात धुतले होते तरी पुन्हा पुसले, आणि पसरले. पलीकडे चतुराबाई होत्या. त्यांनी बाळाला उचललं, पाळण्याच्या वर आणलं, क्षणभर धरलं, आणि अलगद पाळण्यात ठेवलं.

"माझ्याकडं द्या की," उमादेवी म्हणाली.

"दिलं की विहीणबाई," चतुराबाई म्हणाल्या. "आत्ताच तर घेतलाव, मुकाबी घेतलाव." आणि इतर बायकांनी हसून माना डोलावल्या, त्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

उमादेवीने पसरलेले हात मिटले.

चारनंतर बाहेर वावटळ उठली, पाऊस मात्र आला नाही. पाहुणे पांगले होते. अक्षरा पलंगावर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, वीज गेली होती, आणि वारा घालायला काहीतरी हवं म्हणून तिने आईच्या पिशवीतून बाहेर डोकावणारा कागद ओढला. डॉक्टरांच्या दहा प्रश्नांच्या, न भरलेल्या कागदांतला तो एक होता. चार वेळा हलवून तिने तो वाचला.

"ह्येच का ग तुझे प्रश्न?"

उमादेवी दाराशी खाली बसली होती. तिने मान हलवली. अक्षरा बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली. गेल्या कित्येक महिन्यांत कुणी तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"आई, तुझं तोंड किती उतरलंय. मला दिसत न्हाई असं वाटतंय का तुला? बाबाबी म्हणायले होते, उमा बोलत न्हाई आजकाल." तिने बाजूचं पेन घेतलं. "जगाच्या बायांना तू मोकळं करतीस. आज मी तुला विचारते. तू मागं सांगितलं होतंस तसंच. मी म्हणते, तू नुसतं हाव म्हण."

"ठिव ते, अक्षरा."

"काय होतंय त्यानं? कागदच हाय की." ती हसली आणि खेळकर, पण स्वतःच्याच आवाजात म्हणाली, "माझ्याजवळ बसायला लोक टाळायलेत."

बाळाने तिचं बोट मुठीत धरलं होतं. वाक्य पुरं होता होता ती मूठ सुटली. झोपेतच बाळाने मान फिरवली आणि तोंड आईच्या पोटापासून बाहेरच्या बाजूला, मोकळ्या हवेकडे, दाराकडे केलं. दाराशी उमादेवी होती. दिवसभरात पहिल्यांदाच त्या चेहऱ्याचा रोख तिच्याकडे झाला होता. बारीक जिवणी, शरणप्पासारखं कपाळ, विभूतीची पुसट रेघ. उमादेवीच्या तोंडात हाव तयार होतं. ते जिभेवर आलेलं तिला जाणवत होतं, गुळाच्या खड्यासारखं. नुसतं ओठ उघडायचा अवकाश होता.

तिला पुलाच्या कठड्यावर बसलेला म्हातारा आठवला.

"न्हाई," ती म्हणाली.

बाळाने मान पुन्हा आत फिरवली. बोट चाचपडून धरलं.

"खरं सांगायलीस ना?" अक्षराने विचारलं.

"खरंच. पुढचं म्हण."

अक्षरा म्हणत गेली. माझं ताट वेगळं ठेवलंय. मला हात लावायला कचरतात. माझ्या हातात कुणी काही देत नाही. प्रत्येक वेळी मूठ सैल व्हायची, आणि प्रत्येक वेळी उमादेवी, नजर त्या मुठीवर ठेवून, लगेच उत्तर द्यायची. शेवटी शेवटी तर वाक्य संपायच्या आत. दहावा प्रश्न झाला तेव्हा वीज आली आणि डोक्यावरचा पंखा फिरू लागला.

अक्षराने खाली गुण मांडले, मग बरं वाटल्यासारखा श्वास सोडला, आणि कागद आईला द्यायचा म्हणून हात लांब करून पलंगाच्या कडेवर ठेवला.

प्रश्न दहा. उत्तरं दहाही, मुळीच नाही. एकूण गुण, तीसपैकी शून्य.